सांगावे की न सांगावे ?

अपस्मार हा रोग आपल्या समाजास नवा नाही. कोणी त्यास मिरगी म्हणतात, कोणी फेपरे म्हणतात, आणि सांप्रत तर 'फिट येते' एवढे दोन शब्द उच्चारून लोक मोकळे होतात. आमच्या धाड गावी बाजाराच्या गर्दीत कोणी एकाएकी कोसळला, तर क्षणार्धात भोवती कडे जमते. एकजण पायातला जोडा काढून हुंगवितो, दुसरा कांदा शोधावयास धावतो, तिसरा आवळलेल्या दातांत चमचा घालू पाहतो. थोड्या वेळाने तो मनुष्य डोळे उघडून ओशाळल्यासारखा उठून बसतो आणि लोक पांगतात. हा रोग दिसावयास भयंकर, परंतु प्राणावर बेतणारा नव्हे, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती या नित्याच्या अनुभवातून झालेली आहे. बहुतांशी ती खरीही आहे. सर्वस्वी खरी नाही, ही गोष्ट मात्र फार थोड्या घरांस ठाऊक असते.

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे दीर्घ पत्र आमच्याकडे आले. घर एकत्र; सासूसासरे, दीर, जावा, मुलेबाळे मिळून चौदा माणसे. थोरल्या दिरांच्या मुलास, वय वर्षे २२, चार-पाच वर्षांपासून झटके येतात. या खेपेस नव्या डॉक्टरांकडे नेले असता त्यांनी औषध बदलून दिले, आणि शेवटी शांतपणे असे सांगितले की, मोठे झटके असेच येत राहिल्यास क्वचित् प्रसंगी झोपेत एकाएकी मृत्यू येण्याचा संभव असतो. यास्तव औषधाची एकही वेळ चुकवू नये. घरी परतल्यावर वादास तोंड फुटले. मामंजींचे म्हणणे, डॉक्टरास बोलण्याचा पोच नाही. रोग्यास धीर द्यावयाचा की त्याच्या पुढ्यात मरण आणून ठेवावयाचे? सासूबाईंनी नातवाची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मुलाचे वडील गप्प आहेत. भगिनी विचारतात, "डॉक्टरांनी बरे केले की वाईट केले ? आणि आता हा विषय घरात पुन्हा काढावा की झाकून ठेवावा ?"

आमच्या मते डॉक्टरांनी बरे केले. परंतु मामंजींचे म्हणणे केवळ वृद्धाचा हट्ट म्हणून बाजूस सारण्याजोगे नाही. त्यांच्या बोलण्यास शास्त्राचा आधार आहे, मग तो त्यांस ठाऊक असो वा नसो. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, जेथे मृत्युसूचक लक्षणांचा म्हणजे अरिष्टांचा विचार केला आहे, तेथे वैद्यास स्पष्ट बजावले आहे की, मरणाची चिन्हे दिसत असली तरी कोणी विचारल्यावाचून ती उघड करू नयेत. आणि विचारले तरीसुद्धा, ज्यायोगे रोग्यास किंवा अन्य कोणास आघात पोहोचेल अशा ठिकाणी ती सांगू नयेत. अप्रिय सत्य बोलू नये हे स्मृतिवचन तर आपल्या घरोघरी मुलांस पाठ करविले जाते. तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात जी अढी बसलेली आहे ती दोन हजार वर्षांची आहे.

परंतु त्याच संहितेत पुढे चला. चिकित्सास्थानाचा दहावा अध्याय अपस्माराचा आहे. तेथे वातज, पित्तज, कफज आणि सांनिपातिक असे रोगाचे चार प्रकार सांगून, सांनिपातिक तो असाध्य असे आचार्य निःसंकोच लिहून ठेवतात. आणि अध्यायाच्या अखेरीस असे सांगतात की, पाणी, अग्नी, वृक्ष, पर्वत आणि उंचसखल जागा यांपासून या रोग्यास सदैव जपावे, कारण या गोष्टी तत्काळ प्राण हरण करणाऱ्या आहेत. येथे आचार्यांनी मरणाचे नाव घेतले की नाही ? घेतले, आणि कोणी विचारण्याची वाट न पाहता घेतले. दोन वचनांत विरोध भासतो, पण तो दिसण्यापुरताच. पहिले वचन टळू न शकणाऱ्या मरणाविषयी आहे, तेथे सांगून उपयोग काही नाही आणि दुःख मात्र पदरात पडते. दुसरे वचन टाळता येण्याजोग्या मरणाविषयी आहे, आणि तेथे जो सांगत नाही तो रोग्यास विहिरीच्या काठी एकटा सोडतो. पत्रातील डॉक्टरांनी जे सांगितले ते या दुसऱ्या जातीचे होय.

आता ती गोष्ट नेमकी काय आहे ते पाहू. आम्ही वैद्य नव्हे, त्यामुळे औषध कोणते व मात्रा किती या वाटेस आम्ही जाणार नाही. परंतु जे छापून सिद्ध झाले आहे ते समजून घेण्यास शाळामास्तराची बुद्धी पुरेशी आहे. अपस्माराचा रोगी, एरवी धडधाकट, पाण्यात बुडालेला नाही, पडून डोके फुटलेले नाही, तासभर अखंड झटके चाललेले नाहीत, आणि तरीही अकस्मात् मरण पावतो, बहुधा रात्री, बहुधा अंथरुणातच. शवपरीक्षेतही मृत्यूचे दुसरे कारण सापडत नाही. अशा मृत्यूस पाश्चात्त्य डॉक्टरांनी 'सडन अनएक्स्पेक्टेड डेथ इन एपिलेप्सी' असे नाव दिले असून त्याची आद्याक्षरे घेऊन ते त्यास 'सुडेप' म्हणतात. इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाचा धाकटा मुलगा राजपुत्र जॉन हा अपस्माराने पीडित होता. १९१९ सालच्या जानेवारीच्या १८ तारखेस, वयाच्या तेराव्या वर्षी, सँडरिंगहॅमच्या राजेस्टेटीवरील घरात झटक्यानंतर झोपेतच तो गेला. अमेरिकेतील तरुण नट कॅमेरॉन बॉयस २०१९ साली विसाव्या वर्षी असाच झोपेत गेला, आणि त्याच्या आईवडिलांनी कारण न लपविता जगापुढे ठेवले.

हे कसे घडते, याचा उलगडा बराच काळ होत नव्हता, कारण घडते वेळी पाहणारा कोणी नसतो. पुढे निरनिराळ्या देशांतील रुग्णालयांत, जेथे अपस्माराच्या रोग्यांस रात्रंदिवस यंत्रे जोडून न्याहाळतात, तेथे घडलेले असे मृत्यू एकत्र करून फ्रान्समधील डॉक्टर रिव्हलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात आढळले ते असे : सर्वांग ताठ होऊन आचके देणारा मोठा झटका येऊन जातो; मग काही मिनिटे श्वास व नाडी अस्ताव्यस्त होतात; आधी श्वास थांबतो आणि त्यामागून हृदय थांबते. बहुतेक रोगी पालथे पडलेले होते, आणि बहुतेक वेळा रात्र होती. म्हणजे झटका थांबला की संकट टळले असे समजून आपण पाठ फिरवितो, ती वेळच राखण करण्याची असते.

धोका किती ? हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. कारण भीती ही आकड्यावाचून वाढते. अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या व अपस्मारतज्ज्ञांच्या दोन प्रमुख संस्थांनी २०१७ साली उपलब्ध अभ्यास तपासून असे सांगितले की, अपस्मार असलेल्या १,००० प्रौढांत वर्षाकाठी सुमारे एकजण या रीतीने दगावतो. मुलांत हेच प्रमाण ४,५०० मध्ये एक असे त्यांनी धरले. पुढील काही पाहण्यांत मुलांचे प्रमाणही प्रौढांच्या जवळपास असावे असे दिसले आहे. ९९९ जण त्या वर्षी सुखरूप राहतात, हे वाक्य घरात आधी उच्चारावे आणि मग उरलेल्या एकाचे. परंतु हा एक कोण, हे सर्वस्वी दैवाधीन नाही. ज्यास वर्षातून तीन किंवा अधिक मोठे झटके येतात त्याचा धोका, ज्यास असे झटके येतच नाहीत त्याच्या मानाने सुमारे १५ पट असतो, असे त्याच संस्था सांगतात. ज्याचे झटके औषधाने पूर्ण थांबले, त्याचा धोका फारच उतरतो. त्या संस्थांनी डॉक्टरांस असा सल्ला दिला की, रोग्यास व पालकांस ही गोष्ट सांगावी, धोका लहान आहे हेही सांगावे, आणि झटके थांबविल्याने तो घटतो हेही सांगावे. पत्रातील डॉक्टर यापलीकडे गेलेले दिसत नाहीत. उलट, अनेक देशांत पाहण्या झाल्या असता बहुसंख्य डॉक्टर हा विषय थोड्याच रोग्यांजवळ काढतात असे आढळले आहे. वेळ नसतो, आणि त्यांनाही जड जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात अपस्माराचे सुमारे ५ कोटी रोगी आहेत, आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी १०० तील ७० जणांचे झटके थांबू शकतात. हा ७० चा आकडा आमच्या जिल्ह्यातील घराघरांत पोहोचला तर पुष्कळ काम होईल. आमच्याकडे अजूनही झटका आला की पहिली वाट सैलानीची. पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा आमच्या या भागातला. बाधा झाली असे समजून दूरदूरचे लोक आपल्या माणसांस तेथे आणतात, आणि होळीच्या सुमारास तर गाडीवर गाडी लागलेली असते. आम्ही कोणाच्या श्रद्धेस नावे ठेवीत नाही. आमच्याच आळीत देवऋषी, अंगारा, गंडेदोरे यांचे माप कमी भरत नाही, आणि सुशिक्षित घरांत तर तो कारभार मागल्या दाराने चालतो. श्रद्धा हवी तेथे ठेवावी, पण गोळी सोडू नये.

गोळी सुटते कशी, हे मात्र सुशिक्षित घरांनी नीट ऐकण्याजोगे आहे. अडाणीपणाने ती सुटते त्याहून अधिक आपल्या घरांत ती सोज्ज्वळ कारणांनी सुटते. घरची सून निर्जळी एकादशी करते. हरितालिकेस पाण्याचा थेंब नाही. मग गोळी कशाने घ्यावयाची? आमचे उत्तर सोपे आहे. व्रताचा भंग ज्यांनी होत नाही अशा ज्या आठ गोष्टी धर्मशास्त्रकारांनी सांगितल्या आहेत, त्यांत पाणीही आहे आणि औषधही आहे. तेव्हा पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेणारीचे व्रत अभंग राहते, हे सासूने आपण होऊन सुनेस सांगावे; सुनेने विचारण्याची वेळ येऊ देऊ नये. दुसरे कारण जागरण. मंगळागौर, कोजागिरी, लग्नघरातील चार रात्री, परीक्षेपूर्वीचा अभ्यास. झोप मोडली की झटक्यास वाट मिळते. तिसरे कारण प्रवास, ज्यात औषधाची पिशवी धाकट्या जावेच्या ट्रंकेत जाते आणि ट्रंक दुसऱ्या गाडीत. आणि चौथे, सर्वांत वाईट : दोन वर्षे झटका आला नाही म्हणून आता बरे झाले असे आपणच ठरवून औषध एकाएकी बंद करणे. औषध बंद करावयाचे असेल तर डॉक्टर ते महिनोन् महिने उतरवीत आणतात. ज्या वधूस पुढे अपत्य व्हावयाचे आहे तिने तर विशिष्ट औषधे बदलून घेण्याविषयी आधीच विचारावे, कारण त्यांतील काही, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भास अपायकारक आहेत. परंतु तीसुद्धा आपल्या मताने सोडू नयेत.

आणखी एक गोष्ट अशी आहे की जी वाचून आम्हांस आपल्या जुन्या वाड्यांची आठवण झाली. स्वीडनमध्ये अशा मृत्यूंचा मोठा अभ्यास झाला आणि २०२० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यास मोठे झटके येतात आणि जो खोलीत एकटा निजतो, त्याचा धोका, मोठे झटके नसलेल्या व सोबतीने निजणाऱ्या रोग्याच्या ६७ पट भरला. सोबतीचे माणूस काही मंत्र घालीत नाही. ते जागे होते, रोग्यास कुशीवर वळविते, तोंड-नाक मोकळे करते, हलविते, हाका मारते. आणि एवढ्याने पुष्कळदा श्वास रुळावर येतो. आमच्या लहानपणी माजघरात रांगेने अंथरुणे पडत, आणि कोण कोठे निजला हे आजीस अंधारातही ठाऊक असे. आता घरे मोठी झाली, मुलांस निराळ्या खोल्या झाल्या, आतून कडी लावण्याची चाल पडली. एकत्र कुटुंबाचे गुणगान या मासिकात वारंवार होते, आणि आम्हीही त्यास हातभार लावला आहे. पण त्याचा एवढा रोकडा उपयोग आम्हांस पूर्वी माहीत नव्हता. मात्र एक सांगणे अवश्य आहे. सोबत ही पहाऱ्यासारखी होऊ नये. बावीस वर्षांच्या मुलाच्या उशाशी आत्या दिवा लावून बसली, तर तो आठ दिवसांत घर सोडील. त्याच खोलीत धाकटा भाऊ निजला म्हणजे पुरे.

झटका आल्यास करावयाचे तेही थोडेच आहे. घड्याळ पाहावे. भोवतालच्या टणक वस्तू दूर साराव्यात, डोक्याखाली घडी केलेले काही द्यावे. तोंडात काहीही घालू नये, पाणी पाजू नये, हातपाय दाबून धरू नयेत. जोडा आणि कांदा दोन्ही जागच्या जागी राहू द्यावेत. आचके थांबताच रोग्यास कुशीवर करावे, आणि तो ओळखीचे बोलेपर्यंत जवळून हलू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्ध येण्यापूर्वीच दुसरा आला, तर १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. अशा वेळी नाकात फवारावयाचे औषध डॉक्टर घरी देऊन ठेवतात. ते आपल्या रोग्यास लागू आहे का, हे विचारून घ्यावे. विहिरीवर एकट्याने जाणे नको, न्हाणीघरास आतून कडी नको, एवढे तर आचार्यांनीच सांगून ठेवले आहे.

आता मूळ प्रश्नाचा अवघड भाग. सांगावे हे ठरले, पण कोणी, कोणास आणि कसे ? आपल्या घरांत अशी बातमी प्रथम कर्त्या पुरुषास मिळते आणि तेथेच जिरते. आमचा एक जुना विद्यार्थी येथे बँकेत आहे. त्याच्या मुलास दोन वर्षांपासून झटके येत होते आणि मुलगा पुण्यास अभियांत्रिकीच्या शिक्षणाकरिता निघाला होता. विद्यार्थी आमच्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलंय. पोराला सांगू नका, तो आधीच घाबरट आहे."

आम्ही म्हटले, "अरे, पुण्यास त्याची गोळी तू देणार आहेस की त्याची आई ?"

तो काही बोलला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या मातोश्री ओसरीवरच होत्या, त्यांनी आम्हांस आधीच बजावले, "मास्तर, अशुभ बोलू नका. बोलाफुलास गाठ पडायची."

"काकू, विहिरीस कठडा बांधताना आपण बुडण्याचे नाव घेतोच की," आम्ही म्हणालो. त्यांस ते पटले असे नाही, पण त्या उठून गेल्याही नाहीत.

मग वडिलांनी मुलास हाक मारली आणि अडखळत विषय काढला. मुलाने पुरते ऐकून घेतले आणि म्हणाला, "बाबा, हे मी मागच्याच वर्षी मोबाईलवर वाचलंय." स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "मीही वाचलं होतं. म्हणून तर रात्री उठून बघते." तिघांस ठाऊक होते, आणि वर्षभर तिघांनी एकमेकांपासून ते लपविले होते. मुलाने एकट्याने किती रात्री तो विचार केला असेल, हे आम्ही त्यास विचारले नाही. त्याने मात्र एकच प्रश्न केला : "सांगायला कोणी नव्हतं म्हणून मी वाचत बसलो. त्यात लिहिलेलं सगळं खरं असतं का ?" त्यावर पुढच्या आठवड्यात तिघेही मिळून डॉक्टरांकडे गेले. वसतिगृहात एकट्याची खोली घ्यावयाची नाही, खोलीतल्या सोबत्यास झटका आल्यावर काय करावे ते दाखवून ठेवावयाचे, आणि पुण्यातील 'संवेदना' या अपस्मारग्रस्तांच्या गटात जाऊन यावयाचे, इतके ठरले. तो गट यशोदा वाकणकर यांनी उभा केला. त्यांनी स्वतः हा रोग बालपणापासून भोगला आहे आणि त्याविषयी त्या उघडपणे लिहितात, बोलतात. त्या बाईंचे धैर्य आम्हांस पुष्कळ व्याख्यात्यांच्या धैर्याहून मोठे वाटते.

यावरून पत्रलेखिका भगिनींस आमचे सांगणे असे. तुमच्या पुतण्याने जे डॉक्टरांच्या तोंडून ऐकले आहे ते आता झाकता येणार नाही; झाकले तर तो ते एकटाच उघडून पाहील. विषय एकदा, दिवसाउजेडी, जेवणाची वेळ टाळून काढावा. मामंजींस आधी विश्वासात घ्यावे, आणि शक्य तर त्यांनीच काढावा. आजोबा बोलले की घर ऐकते. मुलाच्या शंका कागदावर लिहून काढाव्यात आणि पुढील भेटीत त्यानेच डॉक्टरांस विचाराव्यात : माझे झटके मोठे आहेत का, माझा धोका किती, औषध चुकले तर काय करू, रात्री काय व्यवस्था असावी. लहान मूल असेल तर आईबापांस सगळे सांगावे आणि मुलास त्याच्या वयापुरते. एकदा बोलून झाले की रोज बोलू नये. वर्षातून एकदा, किंवा औषध बदलले, गाव बदलले, लग्न ठरले, म्हणजे पुन्हा.

लग्नाचा शब्द आला म्हणून थोडे त्याविषयी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली जी दुरुस्ती झाली तीत अपस्माराचे वारंवार झटके येणे ही विवाहास बाधक गोष्ट ठरविली होती. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढून टाकण्यात आला. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, अपस्मार हा असाध्य रोग नव्हे आणि मनोविकारही नव्हे, त्या कारणाने घटस्फोट मिळणार नाही, असा निर्णय दिला. कायदा सुधारला; पत्रिका जुळविणारी मंडळी मात्र अद्याप १९७६ सालातच आहेत. म्हणून मुलीचा रोग लपवितात, आणि लपवावयाचा म्हणजे सासरी गोळ्या नेता येत नाहीत. नव्या घरी, अपुऱ्या झोपेत, धास्तीत, औषधावाचून ती मुलगी निजते, आणि शेजारी निजणाऱ्या नवऱ्यास झटका आल्यावर काय करावे हे कोणी सांगितलेले नसते. धोका वाढविण्याची इतकी साधने एकत्र करावयाची झाली तर वैऱ्यासही सुचणार नाहीत. सांगून लग्न मोडले तर मोडू द्यावे.

एका घरी मात्र सांगण्याची वेळ निघून गेल्यावर आम्हांस जावे लागले. शेजारच्या खेड्यातील एक तरुण, लग्नास आठ महिने झालेले, सकाळी उठला नाही. पत्नी त्या दिवसांत माहेरी गेली होती. तो पालथा आढळला, तोंड उशीत. दाखल्यावर हृदयविकार असे लिहिले गेले. गावात मात्र निराळेच शिजू लागले. कोणी विषाचे नाव घेतले, कोणी करणीचे, आणि अखेर सगळे बोट सुनेच्या पायगुणाकडे वळले. मुलास लहानपणापासून झटके येत होते आणि लग्नात ते लपविले होते, हे घरच्यांस ठाऊक होते. पण झटक्याने माणूस झोपेत जातो हे कोणी कधी सांगितलेच नव्हते, त्यामुळे दोन्ही गोष्टींची सांगड कोणीच घातली नाही. बुलढाण्याच्या एका डॉक्टरांनी जुने कागद पाहून त्या मृत्यूचे नाव सांगितले. त्याच्या आईने आम्हांस विचारले, "मी त्या रात्री जागी असते, तर ?"

आम्ही जे वाचले होते तेच सांगितले : कदाचित् वाचला असता, कदाचित् रुग्णालयात असूनही गेला असता, रुग्णालयांतही असे मृत्यू झालेले आहेत. आणि सुनेच्या असण्या-नसण्याने रोग आलेला नाही. त्या बराच वेळ बसून राहिल्या. मग त्यांनी ते इंग्रजी नाव मराठी अक्षरांत कागदावर लिहून द्यावयास सांगितले. आम्ही लिहून दिले, खाली त्याचा अर्थही लिहिला. आणि तो कागद त्यांनी दुसऱ्या दिवशी धाकट्या मुलाच्या हाती सुनेच्या माहेरी पाठविला.